सिस्टरच्या बदलीची दोन पत्रं

मी दहा वर्षं आमदार होते. त्याआधी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते, त्यामुळं लोकांनी मला मॅडम, ताई, वहिनी असलं काही कधी म्हटलं नाही. बाईच म्हणत राहिले. मलाही तेच बरं वाटायचं. राग माझ्या नाकावरच असतो, आणि बाई ओरडल्या तर कुणाला वाईट वाटत नाही. आमदार ओरडला की लगेच पेपरात येतं. पहिल्याच अधिवेशनात समोरच्या बाकांवर गोंधळ सुरू झाला तेव्हा सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "ए, खाली बसा बघू सगळे!" आणि गंमत म्हणजे दोघंतिघं बसलेसुद्धा.

निवडून आल्या आल्या मी जाहीर करून टाकलं होतं, की माझा निधी दोनच कामांना मिळेल, दवाखाना आणि शाळा. कोल्हापुरात असं बोलायचं म्हणजे धाडसच. आमच्याकडं आमदार म्हणजे तालमीला पत्रे, चौकात उंच दिव्याचा खांब, मंडळाला स्टेज आणि देवळापुढं सभामंडप. एका तालमीचे पैलवान आले आणि म्हणाले, "बाई, तालीम म्हणजे आरोग्यच की ओ!" मुद्दा बिनतोड होता. मी म्हटलं, ठीक आहे, पत्रे देते, पण महिन्यातनं एकदा तिथं रक्त तपासणीचं शिबिर घ्यायचं आणि पहिला नंबर तुमचा. दीडशे किलोची ती धिप्पाड पोरं सुईचं नाव काढल्यावर जी गेली, ती पुन्हा आलीच नाहीत. मग गावोगाव लोक म्हणायला लागले, "बाईंच्याकडं जायचं तर अंगात ताप तरी पाहिजे, न्हायतर हातात पाटी तरी."

माझं घर शहरातच. सकाळी साडेसातला दारात चपलांचा ढीग पडलेला असायचा. आत खुर्चीवर माझा पी.ए. बसलेला. तहसील कचेरीत आयुष्य काढलेला पन्नाशीचा माणूस, शर्टाच्या खिशाला तीन पेनं, आणि बोलणं सगळं सरकारी. हा बायकोलासुद्धा "उपरोक्त विषयास अनुसरून" अशी हाक मारत असेल, अशी मला दाट शंका होती.

येणाऱ्या प्रत्येकाला एकच गोष्ट पाहिजे असायची. पत्र. आमच्याकडं आमदाराच्या पत्राशिवाय माणसाला चैन पडत नाही. ऑपरेशनला तारीख मिळावी म्हणून पत्र, मुलीला वसतिगृहात जागा मिळावी म्हणून पत्र, शाळेत आलेला नवा मास्तर राहावा म्हणून पत्र, जुना जावा म्हणून पत्र. एकानं तर लेकीच्या सासऱ्याला "समज देण्यात यावी" म्हणून पत्र मागितलं होतं. तेही मी दिलं. मी कुणाला नाही म्हणायचीच नाही. मला वाटायचं, एक सही करायला काय जातंय? काम झालं तर झालं, नाही झालं तर माणूस निदान हातात काहीतरी घेऊन घरी गेला. ह्या माझ्या दिलदारपणाचा मला भारी अभिमान होता.

दुसऱ्या खेपेला निवडून आल्यावरची गोष्ट आहे. एका सोमवारी एक बाई आली. पस्तिशीची असेल, फिकट निळी साडी, खांद्याला पर्स. बाकीचे लोक रेटारेटी करत होते आणि ही आपली दाराच्या चौकटीला टेकून नंबरची वाट बघत उभी. आत आली तशी मला वाटलं, आता डोळ्याला पदर लावणार. पण तसलं काही नाही. अर्ज टेबलावर ठेवला आणि सरळ बोलायला लागली.

पन्हाळ्याच्या पलीकडं डोंगरात एक गाव आहे, तिथल्या आरोग्य उपकेंद्रात ती आठ वर्षं नर्स होती. घर हातकणंगल्यात. घरात सूतगिरणीत कामाला असलेला नवरा, सासू आणि एक मुलगी. मुलगी दोन वर्षांची असताना हिची नेमणूक डोंगरात झाली. बाळंतपणं काही वेळ सांगून येत नाहीत, म्हणून मुक्काम तिथंच. शनिवारी जमलं तर घरी, नाही जमलं तर पुढच्या शनिवारी.

"पोरगी आता धा वर्षांची झाली बाई," ती म्हणाली. "मागच्या शनिवारी घरी गेलते. पोरगी दारात खेळत हुती. मला बघितलं आणि आत आजीला हाक मारली, आजी, पावणी आलीया, च्या ठेव."

"अगं, थट्टा करत असेल."

"मलाबी थट्टाच वाटली. जवळ घ्यायला गेले तर उठून आजीच्या मागं जाऊन बसली. आता धड बोलतबी न्हाय. रविवारी विहारात वंदनेला सगळ्या पोरींच्या आया जात्यात, ही काकूला घेऊन जाती. मी म्हटलं, मी येऊ का? तर म्हणती, तुला कशाला तरास."

मी पी.ए.ला बाजूला सारलं आणि स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं. तिचं पूर्ण नाव घातलं, "अत्यंत तातडीची बाब" असं लिहिलं, खाली दोनदा रेघ मारली. तिनं पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि म्हणाली, "बाई, हुईल न्हवं काम?" मी म्हटलं, झालंच समज. असं मी सगळ्यांनाच म्हणायची.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी डोंगरातल्या एका गावात कार्यक्रम होता. माझ्या निधीतनं तिथल्या उपकेंद्राला बाळंतपणाची नवी खोली बांधून झाली होती, तिचं उद्घाटन. पी.ए. त्या दिवशी भाचीच्या साखरपुड्याला गेला होता, म्हणून मी एकटीच गेले. गावानं काय स्वागत केलं म्हणता! हलगी, फेटा, गळ्यात हाताएवढा जाड हार. खोली खरंच सुरेख झाली होती, पांढऱ्या फरश्या, गरम पाण्याची सोय, भिंतीला गुलाबी रंग. आमदारकीत पुष्कळ भाषणं केली, पण आपण पास करून आणलेल्या खोलीत एखादं पोर जन्माला येणार, हा आनंद भाषणात नसतो.

स्टेजवर बायका पुढं आल्या. त्यांच्यात एक म्हातारी होती, तिची सगळी नातवंडं त्या उपकेंद्रात झालेली. ती मायक न धरताच ओरडून म्हणाली, "बाई, खोली दिलासा, लई झ्याक झालं. पण आमच्या सिस्टरची बदली व्हणार असं कानावर आलंय. सिस्टर गेली तर ह्या खोलीत काय आम्ही कोंबड्या बांधायच्या?"

सगळ्या बायका एकदम, "सिस्टर जायाला न्हाय पाहिजे!"

आता, मी विचारायला पाहिजे होतं, की ही सिस्टर कोण, तिचं नाव काय, तिला राहायचंय की जायचंय. नाही विचारलं. त्या सोमवारच्या बाईचं सगळं मला आठवत होतं, पोरगी, पावणी, हातकणंगलं. तिचं कामाचं गाव मात्र साफ डोक्यातनं गेलं होतं. डोंगरात मला तसली गावं पुष्कळ, आणि प्रत्येक गावची नर्स ही सिस्टरच. डोक्यावर फेटा, समोर हजारभर माणूस, आणि हलगीवाला टिपरू उचलून तयार. मी मायक ओढला आणि गरजले, "ह्या गावची सिस्टर मी आमदार असेपर्यंत इथनं हलणार नाही! कोण हलवतो तेच बघते!"

हलगी कडाडली. सरपंचानं टाइप केलेलं पत्र तयारच ठेवलं होतं, "सदर उपकेंद्रातील आरोग्य सेविकेची बदली कोणत्याही परिस्थितीत करण्यात येऊ नये." मी गळ्यात हार असतानाच उभ्या उभ्या सही ठोकली. मग सिस्टरचाही सत्कार करू म्हणून विचारलं, कुठं आहेत त्या? सरपंच म्हणाले, "आत हायत बाई, एक बाळंतीण अडलीया." मला काय अभिमान वाटला! म्हटलं, बघा, ह्याला म्हणतात सेवा. तिचा हार टेबलावर ठेवायला सांगून मी निघाले.

आठच दिवसांनी पी.ए. सकाळी सकाळी पडलेल्या चेहऱ्यानं माझ्यापुढं येऊन उभा राहिला.

"बाई, आरोग्य विभागातून दूरध्वनी होता. आपली दोन पत्रे प्राप्त झालीत. एकात आपण म्हणता बदली तातडीने करावी. दुसऱ्यात म्हणता कोणत्याही परिस्थितीत करू नये. कोणतं ग्राह्य धरायचं, अशी पृच्छा आहे."

"दोन वेगळ्या बायका असतील."

"एकच आहेत."

मी त्याच्यावर अशी बरसले, की बाहेर बसलेले दोघं अर्ज खिशात घालून निघून गेले. तुम्ही काय झोपा काढता का, कागद बघत नाही, साखरपुडे खात हिंडता! त्यानं शांतपणे दोन्ही पत्रांच्या प्रती टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. "दोन्ही सह्या आपल्याच आहेत बाई," एवढंच म्हणाला. बघितलं तर खरंच माझ्याच. एका सहीवर हाराचं पाणी पडून शाई पसरली होती.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आत अडलेल्या बाळंतिणीजवळ बसलेली सिस्टर म्हणजे तीच. आणि स्पीकरचा कर्णा उपकेंद्राच्याच छपरावर बांधलेला होता. 

पी.ए. मग व्यवहाराचं बोलला. "बाई, यात अडचण काही नाही. गावाचं पत्र ग्राह्य धरा असं कळवू. पुढल्या वर्षी निवडणूक आहे, ते गाव आपल्याला भरभरून मतं देतं. नर्सबाईंचं मत हातकणंगल्याला. ते आपल्या मतदारसंघातच येत नाही." त्याचं बोलणं सरळ होतं, म्हणूनच माझा तिळपापड झाला. मी म्हटलं, गाडी काढायला सांगा.

उपकेंद्रात गेले तर ती व्हरांड्यात पोरांना डोस देत बसली होती. मला बघून उठली नाही. एका तान्ह्या पोराची मांडी हातात होती, तिथं सुई टोचली, कापूस दाबला, पोर भोकाड पसरून रडलं, आईच्या हातात दिलं, आणि मग म्हणाली, "बसा की बाई."

बाळांच्या आया निघून गेल्या. मग तीच बोलली. "त्या दिवशी ऐकलं मी समदं. स्पीकर चांगला हुता."

"अगं, मला ठाऊक नव्हतं तू इथलीच ते."

"अर्जात लिवलं हुतं की. गाव, तालुका, समदं."

शाळेत पोरगं खोटं बोलताना सापडलं की असं जमिनीकडं बघतं, तशी मी फरशीकडं बघत बसले.

"मी त्या बाळंतिणीचा हात धरून बसलेली," ती सांगायला लागली. "भाएर तुम्ही म्हणालासा सिस्टर हलणार न्हाय, टाळ्या पडल्या. ती बाई एवढ्या कळांत हुती, तरी मला म्हणाली, बरं झालं की ओ सिस्टर. मी तिला व्हय म्हणले. दुसरं काय म्हणणार?"

मी विचारलं, "मग मी काय करू, सांग." दहा वर्षांच्या आमदारकीत कुणाला असं विचारल्याचं मला आठवत नाही. लोक सांगायचे आणि मी करायची, किंवा मी सांगायची आणि लोक करायचे.

ती म्हणाली, "एवढंच सांगा त्यास्नी, की सिस्टरला घरी जायचंय. मला बोलायला येत न्हाय बाई. ही माणसं लई चांगली हायत. मला तिखटमीठ बघू देत न्हाईत, पैला गूळ माझ्या घरात येतो, पैला भात माझ्या घरात येतो. ह्यांच्या तोंडावर कसं म्हणू, मला जायचंय म्हणून?"

संध्याकाळी सरपंचाला सांगून गाव गोळा केलं. त्याला वाटलं आणखी एखादी खोली जाहीर करणार. त्यानं हौसेनं तोच स्पीकर लावला. ह्या वेळी फेटा नव्हता.

"मागच्या वेळी ह्या मायकवरनं मी जे बोलले, ते चुकलं," मी म्हटलं. "तुमची सिस्टर त्याच्या आधी माझ्या घरी आली होती. तिला तिच्या पोरीजवळ जायचंय. मी तिला हो म्हटलं, आणि इथं येऊन टाळ्या ऐकून नाही म्हटलं. तिला विचारलं नाही. सिस्टर, मी चुकले. सगळ्या गावासमोर तुझी माफी मागते."

पोरांनी मोबाईल वर केलेले दिसत होते. सिस्टर भिंतीला टेकून उभी, मान खाली. मग ती म्हातारीच पुढं आली, सिस्टरच्या दंडाला धरून म्हणाली, "अगं मुडदे, बोलायचं न्हाईस व्हय? आमच्या सुनांची पोरं तू काढायचीस आणि तुझी पोर तिकडं, हे काय आमाला दिसत न्हाय? पर तू एकदा तरी म्हणालीस का जायचंय म्हणून?" सिस्टर हसायलाही लागली आणि रडायलाही. निम्म्या बायकांचं तेच. मला वाटलं, सुटले. जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात एक कडेवर पोर घेतलेली तरणी सून उठली. तिचा आवाज शांत होता. "सिस्टरनं जावं बाई. पर मला आता सातवा हाय. मी कुणाकडं जाऊ? हितं यायला तयार कोण हाय?"

आणि मागनं एका बाप्याचा खणखणीत आवाज आला, "बाईंची सून नर्सच हाय की! कळंब्याला! तिला धाडा की हिकडं!"

हशा पिकला. पण मला हसू आलं नाही. कारण त्यात खोटं काही नव्हतं. माझी सून नर्स आहे, आणि निवडून आल्यावर पहिल्याच महिन्यात मी जी पत्रं लिहिली, त्यातलं एक तिच्यासाठी होतं. तिला आडगावी नेमणूक मिळत होती, ती मी कळंब्याजवळ करून घेतली होती. घरापासून स्कूटरवर वीस मिनिटं. हे मला वाटलं होतं तेवढं गुपित नव्हतं.

"माझ्या सुनेचं नाव कशाला काढताय?" मी मायकवरच ओरडले. हशा पटकन थांबला. मी गाडीत बसले. पूर्ण घाट उतरेपर्यंत पी.ए. खिशातली तीन पेनं काढायचा, पुसायचा, पुन्हा लावायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात गेले तर सून डबे भरत होती. माझा मुलगा टेबलाशी चहा पीत होता. मी आले तसा त्यानं कप तोंडासमोर धरला तो खाली घेतलाच नाही. आई आणि बायकोच्या मध्ये कुठं बसायचं, हे त्याला बरोबर कळतं.

"आत्या, व्हिडिओ बघितला," सून म्हणाली. आमच्यात सासूला आत्याच म्हणतात. "आमच्या नर्सेसच्या ग्रुपवर आलाय. माफी मागितलीसा, लई चांगलं केलंसा."

"मग पुढचंही बघितलं असशील."

"बघितलं की. लई तापलासा."

"तापू नको तर काय? त्यांनी तुझं नाव काढायचं कारण काय?"

तिनं डब्याचं झाकण लावलं, आणि पहिल्यांदा माझ्याकडं वळून बघितलं. "पर आत्या, मला कुणी इचारलं? कळंब्याला टाकलंसा तवाबी न्हाय इचारलंसा. काल माझं नाव काढू नका म्हणालासा, तवाबी न्हाय."

मी म्हटलं, "तुझ्या भल्यासाठीच केलं ना?"

"भल्यासाठीच. त्यात काय वादच न्हाय. पर मी बाळंतपणं करायला शिकले आत्या. वसतिगृहात राहून, पहिल्या नंबरानं. आणि एवढी वर्षं रजिस्टर भरतीया. आमच्याकडच्या सगळ्या बायका बाळंतपणाला शहरात जात्यात. आणि कुठलं अवघड काम आलं की म्हणत्यात, हिला नको, ही आमदारांची सून हाय. मी तिथं काय हाय, ठाव हाय का? मी तिथं तुमचं पत्र हाय."

ते घाव घातल्यासारखं बसलं. मी काही तरी बोलायचं म्हणून म्हटलं, "आणि पोराचं काय?" माझा नातू सहावीत.

"त्याला डबा तुम्ही करून द्या की. ह्यांनी शाळेत सोडावं. सिस्टरची पोर तवा दोन वर्षांची हुती. ह्याला मिसरूड फुटायच्या बेतात हाय."

कपाच्या मागनं खुदकन आवाज आला. मी मुलाकडं डोळे वटारून बघितलं, पण माझंही हसू आता दाबलं जाईना. शेवटी मी म्हटलं, "बरं बाई. तुझंच खरं. मी आजच पत्र देते."

ती एवढ्या जोरात हसली, की तिला हातातला डबा खाली ठेवावा लागला. "आत्या, पत्र नको! आपसी बदली असती. ती माझ्या जागी, मी तिच्या जागी. तिचा अर्ज, माझा अर्ज. तुमची सही लागत न्हाय."

झालंही तसंच. त्या दोघी एकमेकींशी फोनवर बोलल्या, दोघींनी अर्ज केले, आणि कळंब्याहून हातकणंगल्याला रोज संध्याकाळी घरी जाता येतं म्हणून सिस्टरला ते सोयीचंच होतं. मी फक्त बघत बसले. एखाद्या कामात काही न करता बसायचं मला फार जड गेलं. पी.ए.नं ऑर्डर आल्याचं सांगितलं तेव्हा त्याच्या आवाजात भीतीच होती. "बाई, शिफारशीविना झालं."

सिस्टरला निरोप द्यायचा दिवस आला. मी गेले, पण स्टेजवर बसले नाही, बायकांत सतरंजीवर बसले. गावानं नाचणी, तांदूळ, मधाची बाटली, दोन साड्या असं काय काय आणलं होतं. त्या म्हातारीनं एक जिवंत कोंबडी आणलेली, ती मोटारसायकलवरनं नेता येत नाही म्हटल्यावर म्हातारी रुसून बसली. आत नव्या खोलीत सिस्टर माझ्या सुनेला सगळं समजावून देत होती. औषधं, वह्या दहा मिनिटांत झाल्या. बाकीचा तासभर गाव समजावण्यात गेला. कुठल्या घरचं कुत्रं चावतं, कुठला ओढा पावसात चढतो, कुठली सासू सुनेच्या लोहाच्या गोळ्या म्हशीला घालते. सून लिहून घेत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे तेज होतं, ते मी ह्याआधी तिच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा बघितलं नव्हतं.

सिस्टरचा नवरा मोटारसायकल घेऊन आला होता. तो ट्रंक दोरीनं बांधत होता, तेवढ्यात सिस्टर माझ्याकडं आली. मला वाटलं, आता आभार मानणार. मी मनात उत्तरसुद्धा जुळवून ठेवलं, अगं त्यात काय, माझं कामच आहे ते.

"थँक्यू मी तुमच्या सुनेला म्हणले बाई," ती म्हणाली. "तुम्हाला येगळं सांगायचं हाय."

"सांग की."

"तो तुमचा व्हिडिओ आमच्या हातकणंगल्यातबी आला. पोरीनं तिच्या बापाच्या मोबाईलवर बघितला. शनिवारी मी गेले, तर मला इचारती, आई, आमदार तुला सॉरी का म्हणाल्या? मी म्हणले, चुकल्या हुत्या म्हणून. गप बसली. मग पुन्हा लावला. चारदा लावला, लांबच बसून. पाचव्यांदा उठली, माझ्या मांडीवर येऊन बसली, आणि मग लावला."

मी नुसता तिचा हात धरला. नवऱ्यानं किक मारली, ती मागं बसली, ट्रंकेला एका हातानं धरलं, आणि घरी गेली.